बाबागाडी सुधारणारा चोर

शिंपीणबाईंची तक्रार भावोजींनी दोनदा विचारून घेतली.

"म्हणजे चोराने जिन्याखालून बाबागाडी नेली..."

"रात्री."

"आणि सकाळी परत आणून ठेवली?"

"नवी चाकं लावून! वर घंटीसुद्धा बसवलीय मेल्याने."

चोर या जमातीबद्दल भावोजींना इतका आदर पूर्वी कधी वाटला नव्हता. ते अक्कांच्या बहिणीचे यजमान. निवृत्तीनंतर घरात पायात येतात म्हणून बहिणीने त्यांना अक्कांच्या खाजगी तपासाच्या धंद्याला जोडून दिलं होतं.

अक्कांनी घंटी निरखली. तिच्यावर कोपऱ्यावरच्या सायकल दुकानाचं नाव होतं.

"चोराने जाहिरातही केलीय," भावोजी म्हणाले.

"सायकलवाला म्हणजे आमच्या बाळाचा बापाकडचा आजोबा," शिंपीणबाई म्हणाल्या. त्या स्वतः छत्तिसाव्या वर्षी आजी झाल्या होत्या. "माझी लेक सोळाची, त्याचा मुलगा सतराचा. पोरं सज्ञान होईपर्यंत बाळाचा खर्च दोन्ही घरांनी अर्धा अर्धा उचलावा, असं बोलायला बसलो होतो. तो उठला आणि म्हणाला, 'माझ्या मुलाला स्वतःचा मोजा सापडत नाही, त्याला मूल कसलं? माझ्या घरातून छदाम मिळणार नाही.' आता सोमवारपासून लेक शाळा सोडून कारखान्यात खोकी भरणार. माझ्या एका शिलाई मशीनवर तिघी नाही हो जगत."

"मग चोर कशाला हवाय?" भावोजींनी विचारलं.

"चाकं बसवणाऱ्याला बाळाचा कळवळा आहे. तो त्या घरातला असेल, तर मला तो माणूस हवाय."

"गाडी ढकलून दाखवा," अक्का म्हणाल्या.

शिंपीणबाई ढकलू लागल्या. हात हनुवटीपर्यंत गेले. "आधी बरी होती. आता शरण आल्यासारखं चालावं लागतं."

भावोजींनी दांडा खाली करायला जोर लावला. चेहरा टोमॅटो झाला, दांडा हलला नाही. नट कोरे होते आणि जन्माचे आवळलेले.

दुकानात एक गिऱ्हाईक चिडलं होतं. "चाक नीट झालं, पण सीट पुन्हा आभाळात!"

"चालवून बघितल्याशिवाय मी सायकल देत नाही," टांगलेल्या टायरांखालून वाकत सायकलवाला म्हणाला. "आणि गुडघे छातीला लावून चालवायला मी काय बेडूक आहे? कळ दाबा, येते खाली."

गल्ल्यामागे त्याची बायको होती. ती नाकापासून वर तेवढी दिसत होती.

"दुकानाची किल्ली कोणाकडे असते?" अक्कांनी विचारलं.

"घरातच, खुंटीला."

"बाबागाडी तुम्ही दुरुस्त केलीत?"

"मी? मला पान्यातलं कळत असतं, तर आधी ह्यांचं डोकं आवळलं असतं."

खोक्यावर चढून हवेचा पंप काढणारा त्यांचा मुलगा उडी मारून खाली आला. "मी केली."

"तू?" सायकलवाला गरजला. "तुला पंक्चर काढताना ट्यूब सापडत नाही!" मग खाकरला. "म्हणजे... केलीही असेल. मला काय करायचंय?"

"कबुली मिळाली," भावोजी खूश झाले. "निघायचं?"

"शिंपीणबाईंना बोलवा. गाडी आणि बाळ, दोन्हींसकट."

सगळे जमले. अक्कांनी मुलाला गाडी ढकलायला लावली. तोही शरण आला. त्याची आई तर दांड्याला लोंबकळल्यासारखी दिसली.

"आता तुम्ही."

"मी हात लावणार नाही," सायकलवाला म्हणाला.

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. दोन लांब हात आपोआप पुढे गेले. दांडा बरोबर मुठीत बसला. गाडी दाराकडे गेली, परत आली. बाळ गप्प.

"रात्रीत दुरुस्ती झाली, म्हणजे किल्ली हाताशी असलेल्या तिघांपैकी एकाने केली," अक्का म्हणाल्या. "मुलाने कबुली दिली, पण दांडा इतका वर तो कशाला करेल? या घरात उंच एकच माणूस."

"चालवून बघायची माझी सवय आहे. गुन्हा नाही!"

"सवय सीटची. ती गिऱ्हाईक कळ दाबून खाली करतं. इथे तुम्ही नवे नट घालून अशी तजवीज केलीत, की दांडा पुन्हा कोणाला खाली करता येऊ नये. बघण्यापुरती एक फेरी मारणारा एवढं करत नाही. रोज फिरवायची इच्छा असलेला करतो."

सायकलवाल्याने वाकून गाडीच्या चाकावर बोट फिरवलं.

"दुकानासमोरून जायची ना ती गाडी. चाकं अशी किंचाळायची! असल्या चाकांवर माझी नात..."

"काय म्हणालात?" बायकोने विचारलं.

"नात म्हणालो! बहिरे आहात का सगळे?" त्याने नाक पुसलं. "आणि तिचा सगळा खर्च माझा."

"सगळा?" शिंपीणबाई उसळल्या. "माझी कोणी नाही का ती? माझ्या अर्ध्याला हात लावून तर बघा!"

पैसे आपणच भरणार म्हणून दोन माणसं एकमेकांच्या अंगावर जाताना भावोजींनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी भीतीने अक्कांच्या फीचा विषय काढलाच नाही.

सोमवारी लेक शाळेत उशिरा पोचली. वर्गातल्या बाईंनी कारण विचारलं.

"दोन्ही आज्या दारात भांडत होत्या," ती म्हणाली, "बाळ आज कोणाकडे राहणार म्हणून."

आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.