राजाचं वाक्य

शंकरपट तोंडावर आला होता. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, हा सिंदेवाहीकडचा रिवाज. म्हणून जलालुद्दीन चाचांनी दुपारचं जेवण उरकलं, पेटी खाचरात ठेवली, खाचराला बैल जुंपले आणि ते तालमीला निघाले. एरवी ते कपडे शिवायचे. या दिवसांत नाटकाची पेटी वाजवायचे. धान कापून झालं होतं. वाऱ्याला तणसाचा वास होता.

खळ्यावर मंडळी जमली होती, पण तालीम सुरू झाली नव्हती.

"चाचा, भुताचा प्रवेश काढून टाकू," राजाचं काम करणारा रामाजी खाली पाहत म्हणाला.

नाटक जुनंच. राजानं धाकट्या भावाला मारलेलं असतं. तो भाऊ दरबारात येऊन नुसता उभा राहतो. राणी त्याला पाहून किंचाळते. प्रधानाला काहीच दिसत नाही, तरी दिसल्याचं सोंग करून तो आपला मतलब साधतो. आणि राजा त्या जागेकडे बोट करून ठणकावतो, "तिथं कुणी नाही!" त्या भावाचं काम चाचांचा मुलगा सादिक करायचा. पावसाळ्यात तो हिवतापानं गेला.

"काऊन काढाचा?" चाचांनी विचारलं.

"त्याची जागा आहे ते. तिकडं पाहून कुणी नाई म्हणाचं... मले नाई जमत."

राणी होणारा मुखरू लुगड्याच्या निऱ्या खोचता खोचता हसला. मसणवाटेनं एकटा येणारा गडी तो. "वा रे राजा! नाटकात मी बोंबलतो अन् तू छाती काढतो. इथी उलटंच होऊन राह्यलं. हे लुगडं तूच नेस ना!"

सगळे हसले. चाचा हसले नाहीत.

"मेलेला माणूस अल्लाच्या हवाली. तो कुठी फिरत नाई," ते म्हणाले. "पण प्रवेश निघाला, तर माह्या पोराचं नावही निघालं. वाक्य तुले म्हणाच लागन, रामाजी. त्याच्या जागी मी उभा राह्यतो."

"अन् पेटी?"

"त्या प्रवेशात पेटी बंदच असते."

चाचा खळ्यावर मांडलेल्या पेटीकडे पाठ करून उभे राहिले. ऊन पांढरंफेक पडलं होतं. बोरीवरचा होला घुमता घुमता गप्प झाला. मुखरू ठरल्यासारखा किंचाळला, आणि ती किंकाळी विरली तेव्हा मागे एक सूर उमटला. अगदी हलका, नवख्या बोटानं पट्टी दाबावी तसा. मग दुसरा. मग तिसरा. चाल चाचांचीच होती. हात त्यांचा नव्हता.

त्यांना मान वळवायची होती. पण भूत मान वळवत नाही. सादिकला हे त्यांनीच शिकवलं होतं. ते तसेच ताठ उभे राहिले.

रामाजी त्यांच्याकडे पाहत नव्हता. त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होता. कसंबसं त्यानं बोट उचललं.

"तिथं... कुणी... नाही..."

सूर अर्ध्यातच तुटला.

"उन्हानं... उन्हानं पेटी फुगते," मुखरू म्हणाला. डोक्यावरचा पदर घसरून मातीत लोळत होता, तो सावरायचं त्याला सुचत नव्हतं.

चाचा पेटीजवळ गेले. जवळपास कुणी नव्हतं. भाता उघडा होता आणि सुस्कारत हळूहळू मिटत होता. तो पुरता मिटेपर्यंत ते उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही खिट्ट्या घट्ट लावल्या आणि ते आपल्या जागी परत आले.

"पहिल्यापासून घे, रामाजी."

"नको ना, चाचा..."

"पहिल्यापासून. अन् या खेपेला ते वाक्य नको म्हणू." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "पटाच्या रातीही नको म्हणू. कधीच नको म्हणू."

ते पेटीकडे पाठ करून उभे राहिले. मुखरूनं किंचाळायला तोंड उघडलं.

मागे एक खिट्टी निघाली. मग दुसरी.