अकराव्या भागातला दुसरा आवाज

पंचावन्न वर्षांपूर्वी रघुवीर सबनीस यांनी डोक्यावर इडलीपात्र घालून शुक्रावरचा न्यायाधीश साकारला होता. ‘उद्याचे पाहुणे’ या विज्ञानमालिकेचा तो अकरावा भाग फारसा कुणी पाहिला नव्हता, पण ज्यांनी पाहिला त्यांना एक वाक्य पक्कं आठवत होतं : “आम्ही पृथ्वी जिंकायला नाही, माफी मागायला आलोय.” हे वाक्य आपल्याला कॅमेऱ्यासमोर आयत्या वेळी सुचलं, असं सबनीस प्रत्येक मुलाखतीत सांगत आले होते.

आज तो भाग एका नव्या सभागृहात पुन्हा दाखवायचा होता. त्यासाठी ऋत्वी नावाची तंत्रज्ञ ध्वनिविलगक घेऊन आली होती. जुन्या फितीतला एकेक आवाज हे यंत्र कांद्याच्या पापुद्र्यासारखा सोलून काढी. पंख्याची घरघर एकीकडे, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर दुसरीकडे.

“सर, यानातल्या टेबलाखाली एक बाई बोलतायत,” ऋत्वी म्हणाली. “तुमचं प्रत्येक वाक्य, तुमच्या आधी.”

सबनीसांचा चेहरा उतरला. टेबलाखाली कुमुद टिपणीस होती, नाटकातून आणलेली प्रॉम्प्टर. कारण सबनीसांचं पाठांतर म्हणजे आनंदच. त्यात संहितेचं शेवटचं पान बटाटेवड्यांखाली जाऊन तेलाने पारदर्शक झालेलं. एक अक्षर लागेना, तेव्हा कुमुदने ते वाक्य स्वतःच रचून वर सोडलं होतं.

“गोंगाट म्हणून काढून टाकू?”

“टाका,” सबनीस इतक्या हळू म्हणाले, की ते यंत्रालाच काय ते नीट ऐकू आलं.

भाग सुरू झाला. कुमुदचा आवाज गेला, पण त्याची जागा तशीच राहिली. न्यायाधीश प्रत्येक वाक्याआधी चार सेकंद नुसता उभा. सभागृहाला ते फार गहन वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसऱ्या रांगेतून एकोणऐंशी वर्षांच्या कुमुदताई काठी टेकत पुढे आल्या. “रघुवीरराव, विराम काय सुरेख घेतलेत हो!” त्या म्हणाल्या. “मी होते तेव्हा कुठे जमायचे?”

धरणी दुभंगली तर बरं, असं सबनीसांना झालं. पण सभागृह नवं होतं, फरशी दणकट होती.

ऋत्वीने त्यांच्या हाती माईक दिला. “सर, लोक विचारतायत, त्या शांततेत तुम्ही काय ऐकत होतात?”

सबनीसांनी तोंड उघडलं आणि सवयीने कुमुदताईंकडे पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

चार सेकंद गेले. पाच गेले. लोकांना वाटलं, हाही विरामच; ते पुन्हा टाळ्या वाजवू लागले. या टाळ्या कधीतरी थांबणार होत्या. पण स्वतःचं पहिलंवहिलं वाक्य माणसाला चौऱ्याऐंशीव्या वर्षी सुचतं का?