डाव्या खांद्यावर दोन बोटं

भुतं रात्रीच येतात असं कोण म्हणतं?

हे घडलं एका रविवारी, भर दुपारी. मोटारशर्यतीच्या मैदानात, हजारो माणसांच्या गोंगाटात. आणि घडलं माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत. थापाच मारायच्या असत्या तर परक्याच्या नावावर मारल्या असत्या.

ताई शर्यतींचं धावतं वर्णन करते, टीव्हीवर आणि रेडिओवर. तिला हे काम शिकवलं मास्तरांनी. ते जुने निवेदक. सगळ्यांच्या चुका काढायचे, म्हणून ‘मास्तर’.

दोघं एका केबिनमध्ये शेजारी बसायचे. एक बोलत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. आपली पाळी हवी असेल तर बोलणाऱ्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायची. बोटं लागली की त्याने वाक्य आवरायचं आणि गप्प बसायचं.

मास्तरांची बोटं ताईच्या डाव्या खांद्यावर यायची. मग ते एकदा खाकरायचे... आणि सुरू व्हायचे.

मास्तर गेल्या हिवाळ्यात वारले. तेव्हापासून माईकसमोर ताईची बोबडी वळायला लागली. शेवटी तिचे साहेब म्हणाले, "ही शर्यत रेडिओवर एकटीने करा. नाही जमलं तर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मी घरी रेडिओला कान लावून बसलो होतो. ताई अडखळत होती. गाड्यांचे नंबर चुकत होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

मध्येच ती थांबली.

नुसती शांतता...

आणि कुणीतरी खाकरलं.

मग ताईचा आवाज सुरू झाला. आणि काय बोलली म्हणून सांगू! शेवटच्या फेरीत निळी गाडी सगळ्यांना मागे टाकून गेली, ती मला घरबसल्या दिसली. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ताई घरी आली. चेहरा पांढराफटक.

"अगं, कमाल केलीस आज!"

"मी नाही बोलले रे."

"म्हणजे?"

"खांद्यावर दोन बोटं लागली. सवयीने मी वाक्य सोडलं, हेडफोन काढला, पाणी प्यायले. अगदी निवांत. आता मास्तर बघतील म्हणून. ते नाहीत, हे डोक्यातच आलं नाही. मग शेजारी बघितलं..."

"आणि?"

"खुर्ची रिकामी. मी माईकवर झेपावले, तर शर्यत संपलेली. वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात साहेब आत आले. म्हणाले, असंच बोलत जा."

मी उसनं हसलो. "बरंच झालं की! मास्तरांनी शेवटी सांभाळून घेतलं."

ताई हसली नाही.

"पाळी अजून त्यांचीच आहे रे. मला परत हवी असेल तर त्यांच्या खांद्याला बोटं लावायला हवीत. तो खांदा आता कुठून आणू?"

आज ताईचं नाव झालंय. लोक म्हणतात, असा आवाज पुन्हा होणे नाही. आपण काय बोललो, हे मात्र तिला एकाही शर्यतीनंतर आठवत नाही.

केबिनपुरतं होतं तोवर मीही मनाची समजूत घालत होतो.

काल तिचा फोन आला. नेहमीसारखाच.

"जेवलास का रे?"

आवाज ताईचाच होता.

पण त्याआधी...

कुणीतरी खाकरलं.

मी फोन ठेवून दिला. सख्ख्या बहिणीला घाबरलो, सांगायलाही लाज वाटते. सकाळपासून तिचा फोन सारखा वाजतोय. उचलायची हिंमत होत नाही.