कॅन आला नाही तर

तांबजाई खोऱ्यातल्या दूध संस्थेच्या भिंतीवर रंगवलेलं आहे : कॅन आला नाही, तर घरी जा.

मंगळावरची धूळ पिठासारखी बारीक असते. दाराच्या सांध्यात बसते.

शकीला मुजावर नागपूरची आहे. ती झोपेतही बोलते.

तीन नंबरची गाडी मंगळावरच्या वसाहतीच्या वाहनतळावर उभी आहे.

"हलत का नाही ती?" अय्याज मुजावरनं विचारलं. नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर गाडीचा ठिपका जागच्या जागी होता. उत्तरेच्या बर्फखाणीत त्याची बायको शकीला एकटी अडकली होती. दार नीट मिटत नव्हतं, हवा गळत होती. सकाळपासून ती रेडिओवर मदत मागत होती.

"यंत्राला वाटतंय ती ठीक आहे," वत्सलाताई मगदूम म्हणाल्या. वसाहतीचा सगळा कारभार पाहणारं, गाड्या धाडणारं चालकयंत्र त्यांनीच घडवलं होतं. "अय्याज, मी त्यात तुमच्याच खोऱ्याचं व्यवहारबीज पेरलंय."

व्यवहारबीज म्हणजे एखाद्या मुलखाची धंदा करण्याची रीत. तिथल्या जुन्या निर्णयांतून यंत्र ती आपली आपण शिकतं. वसाहत चालवणाऱ्या कंपनीनं तांबजाई निवडलं, कारण तिथली दूध संस्था पुरातही बंद पडली नव्हती आणि तिला सोडून कुणी गेलं नव्हतं.

"तुमच्याकडं मदत मागतं कोण?" वत्सलाताईंनी विचारलं.

"कुणीच नाही. मागायला लागणं म्हणजे शेजाऱ्यांचा अपमान. सकाळी एखाद्याचा दुधाचा कॅन डेअरीत आला नाही की लोक त्याच्या घरी जातात. म्हशींची धार काढतात, माणसाला दवाखान्यात नेतात. खर्च संस्था करते."

"आणि तरीही मागतात ते?"

"ज्यांना संचालक व्हायचं असतं ते. नाहीतर नवा गोठा पाहिजे असतो."

"यंत्र तेच शिकलं. मागतो तो धडधाकट. गप्प झाला तो अडचणीत. आणि सतत बोलणारा गप्प झाला, तर पहिल्यांदा त्याच्याकडं धावायचं."

"मग बदला की ते!"

"बदलायची परवानगी पृथ्वीवरून लागते. ती येईपर्यंत शकीलाची हवा पुरणार नाही."

अय्याजनं माईक ओढला. "शकीला, ऐक. गाडी दारात येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

"काऊन? इथं जीव चाललाय अन् मी गप्प बसू?"

"तू गप्प बसलीस तरच गाडी येईल."

"लग्न झालं तेव्हापासून हेच म्हणून राहिला तू," ती म्हणाली. मग रेडिओ शांत झाला.

ठिपका हलला.

ती जिवंत आहे की नाही, हे आता कळायची सोय नव्हती. विचारलं तर ती उत्तर देणार, आणि उत्तर दिलं तर गाडी थांबणार. दोघं पडद्याकडं बघत राहिले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

अर्ध्या वाटेवर ठिपका मागं वळला.

"आपण!" वत्सलाताई ओरडल्या. "यंत्र इथलंही ऐकतं. ही खोली कधी एवढी शांत नसते. ती आपल्याकडं येतेय. बोल, अय्याज!"

"काय बोलू?"

"माग. नुसतं बोलून भागणार नाही. मदत माग."

"मला..." जन्मात त्यानं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. "मला मदत करा."

ठिपका थांबला.

"मला मदत करा! मी एकटाय! कुणीतरी या की! मला वाचवा!"

ठिपका पुन्हा उत्तरेकडं वळला. अय्याज खुर्चीच्या दांड्या धरून ओरडत राहिला. आवाज बसला, तरी ओरडत राहिला. वत्सलाताईही आधी त्याच्या जोडीनं ओरडत होत्या. पुढं त्या थांबल्या आणि त्याच्याकडं बघू लागल्या. त्यातलं खोटं किती, ते त्यांना ओळखता येईना.

ठिपका खाणीच्या दाराशी जाऊन थांबला. बराच वेळ काहीच झालं नाही.

रेडिओ खरखरला. "बसले बाप्पा गाडीत. आता बोलू का? अन् हे कोण रडून राहिलं तिकडं?"

अय्याजला थांबता येत नव्हतं.

वडील वारले त्या सकाळी अय्याजनं दुधाचा कॅन नेहमीच्या वेळी डेअरीत नेऊन ठेवला होता. घरी कुणी आलं नव्हतं.