पिवळं ते कापायचं

पाइपावर पाच बोटं उमटली होती. तळहाताची कातडीच तिथे भाजून चिकटली होती. ज्याचा हात होता तो माणूस काल दुपारीच मेला.

बॉयलर निरीक्षक बाईंनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. उजवा हात. फुटलेल्या सांध्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर.

"मॅडम, आरोपी तयार आहे," मागून फौजदार म्हणाला. "कबूलही करतोय. तुम्ही एकदा निष्काळजीपणा म्हणून सांगा, की जेवायच्या आत नेतो त्याला."

"इतकी घाई कशाला? पळून जाणार आहे का तो?"

"पळतोय कसला. सकाळपासून रडतोय नुसता."

"मग रडू दे अजून थोडा वेळ," बाई म्हणाल्या आणि पत्र्याच्या कवचाखाली टॉर्च मारला. कुणी घाई केली की त्यांचं काम आपोआप सावकाश होई, हे फौजदाराला अजून ठाऊक नव्हतं.

कागदाचा कारखाना होता. बॉयलरपासून यंत्रांपर्यंत वाफेचा जाडजूड पाइप गेलेला. वाफेने पाइप तापतो, लांबतो आणि वाट मिळाली नाही तर भिंतही ढकलतो. म्हणून मधे पातळ पोलादाच्या घड्यांचा, भात्यासारखा आकसणारा सांधा बसवतात. पण आतल्या दाबाने तो भाताच ताणला जाऊन फाटू नये म्हणून भोवती चार जाड दांड्या लागतात. त्या करड्या रंगाच्या, कायमच्या. याशिवाय वाटेत गाडीतून आणताना सांध्याला हिसके बसू नयेत म्हणून तीन दांड्या तात्पुरत्या जोडतात. त्या पिवळ्या. सांधा जागेवर बसला की पिवळ्या कापून टाकायच्या, करड्यांना हात लावायचा नाही. या धंद्यात पोर वाचायला शिकण्याआधी हे शिकतं.

इथे सातही दांड्या कापल्या होत्या.

कापणारा धाकटा भाऊ. मेला तो थोरला.

धाकटा वेल्डर होता. गोदामाच्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. बाई त्याच्या शेजारीच बसल्या.

"किती वर्षं वेल्डिंग करतोस?"

"मिसरूड फुटल्यापासून."

"करडी दांडी कापत नाहीत, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग का कापलीस?"

"करडी नव्हतीच, मॅडम. सातही पिवळ्या होत्या." त्याने डोकं वर केलं. डोळे सुजले होते. "फौजदारसाहेबांनी मला दांड्या दाखवल्या. चार करड्या आहेत. मग मीच खोटा. मलाच वेड लागलं असणार. पण मी पिवळ्या पाहिल्या, आईशप्पथ!"

"करडी एकही नाही, याचं नवल नाही वाटलं?"

"नवा सांधा होता. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी शोधलेला. आत कड्या बसवल्यात, त्याच भात्याला वाट दाखवतात आणि धरूनही ठेवतात. बिनदांड्यांचाच असेल म्हटलं."

"अप्पांना विचारायचं होतंस."

तो कसंनुसं हसला. "लहानपणी एकदा विचारलं होतं. अजून या कानाने कमी ऐकू येतं. पिवळं ते कापायचं, विचारायचं नाही."

"कापल्यावर?"

"दांड्या भंगाराच्या पिंपात टाकल्या. अप्पा म्हणाले, कवच लगेच चढव. चढवलं. दादा दुसऱ्या दिवशी थेट चाचणीलाच आला. त्याला बाहेरून नुसता पत्रा दिसला." त्याने डोकं पुन्हा गुडघ्यात घातलं. "वहिनी म्हणाली, माझ्यासमोर उभा राहू नकोस. मॅडम, न्या मला. तुरुंगात तरी कुणी तिच्यासारखं बघणार नाही."

बाई उठल्या. भंगाराचं पिंप भिंतीशी होतं, शेजारी एक गळका नळ. फौजदाराने सात दांड्यांचे तुकडे काढून ओळीने मांडले.

तीन पिवळ्या. चकचकीत ऑइलपेंट, जिथे गॅसने कापल्या तिथे रंग काळा पडून फोड आलेले. वर पिंपातल्या काजळीचा थर. बाईंनी बोट फिरवलं, बोट काळं झालं.

चार करड्या. त्यांच्यावर बोट फिरवलं, बोट कोरं.

"या चौघींनी आंघोळ केलेली दिसते," बाई पुटपुटल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. हे काय आहे सांगा बघू?"

करड्या दांड्यांच्या कापलेल्या टोकापाशी, जरा अलीकडे, एक तांबडं कडं होतं. चारही दांड्यांवर.

"गंज," फौजदार म्हणाला.

"गंज उघड्या लोखंडावर चढतो. हे रंगाच्या वर बसलंय." त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. निघेना. "आणि त्या तीन पिवळ्यांवर का नाही?"

फौजदाराने घड्याळाकडे पाहिलं. त्याला भूक लागली असावी.

बॉयलरवाला बोलका निघाला. काल वाफेचा व्हॉल्व्ह त्यानेच उघडला होता. त्यामुळे आपली कातडी बचावण्यासाठी तो विचारलेलं आणि न विचारलेलं, सगळं सांगत सुटला.

"मी व्हॉल्व्ह हळू उघडला, मॅडम. अगदी बाळाला दूध पाजावं तसा."

"सांधा इथे आणला कुणी?"

"अप्पांनी. टेम्पोत मागे, सांध्याला टेकून बसून आले म्हातारबुवा. वर ताडपत्री टाकलेली. नवरीला आणावं तसा आणला."

"थोरला सोबत नव्हता?"

"तो वर्कशॉपमधेच राहिला. दोघांचं जमत नव्हतं ना! अप्पा इथे येऊन सांगायचे, माझ्या सांध्याला दांड्या म्हणजे धडधाकट माणसाला कुबड्या. आणि हा थोरला पठ्ठ्या दांड्या लावल्याशिवाय सांधा बाहेर काढू देईना."

"पाइपावर हात का ठेवला होता त्याने?"

"ती अप्पांची रीत. सांधा ज्याने केला त्याने पहिल्या वाफेला शेजारी हात ठेवायचा. थरथर हाताला कळते म्हणे. आजवर दर वेळी अप्पाच ठेवायचे, कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. काल म्हणाले, गुडघा धरलाय, तू ठेव. माझ्या खोलीत भिंतीमागे येऊन बसले. म्हणून वाचले बघा, नशीब!"

"मग?"

"मग काय मॅडम, आवाज झाला. वाफ ओसरेपर्यंत तो आत होता. ओरडत होता. आधी मोठ्याने, नंतर..." बॉयलरवाल्याने ते वाक्य तिथेच सोडलं. "आम्ही सगळे त्याला उचलून गाडीत घालत होतो. कुठे धरावं तेच कळेना. जिथे धरावं तिथलं हातात येत होतं."

"अप्पा?"

"ते बिचारे खुळ्यासारखे पिंपाजवळच्या नळाशी बसले होते. हात धूत. धूतच होते कितीतरी वेळ."

बाईंनी बॉयलरवाल्याकडे निरखून पाहिलं. तो जे बोलला त्याचा अर्थ त्याला मुळीच कळलेला नव्हता. त्या नळापाशी गेल्या, खाली उकिडव्या बसल्या आणि मोरीच्या फटीत काडी घालून फिरवली. काडीचं टोक पिवळं झालं.

"फौजदारसाहेब," त्या म्हणाल्या, "आरोपीला गाडीत घाला. आणि त्या दांड्याही. आपण त्याच्या घरी जाऊ."

घर पुढे, वर्कशॉप मागे. थोरल्याची बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होती. चूल थंड. भिंती नव्याने पिवळ्या रंगवलेल्या, फक्त दारामागचा हातभर तुकडा तसाच राहिलेला.

काय बोलावं ते सुचेना म्हणून बाईंनी त्या भिंतीबद्दलच विचारलं.

"ह्यांनी दिला रंग," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी. चुन्यात पिवडीची पिवळी माती कालवून. शेवटी पिवडी पुरली नाही. डबा भरून आणली होती, पण अर्धाच निघाला. हे दुकानदाराला शिव्या देत होते." मग एकदम तिचा चेहरा कठीण झाला. "त्याला आणलंय ना गाडीत? मला दिसला. त्याला इथून न्या, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल."

"नेते. पण त्याआधी मागे या. आणि तो पिवडीचा डबा घेऊन या. तळाशी चिमूटभर असेल तरी चालेल."

वर्कशॉपमधे अप्पा होते. मुलगा जाऊन चोवीस तास झाले नव्हते, आणि अप्पा बाकावर दुसऱ्या सांध्यापुढे बसून कानशीने काहीतरी घासत होते. फुटलेल्याच्या जोडीचा हा दुसरा नग.

"या मॅडम," ते म्हणाले. "दुःखात हाताला चाळा लागतो."

"तुमचा सांधा बिनदांड्यांचा आहे ना, अप्पा?"

"छे! दांड्यांशिवाय सांधा म्हणजे नाडीशिवाय लेंगा. कोण म्हणालं? माझ्या सांध्यात खोट नाही. या गाढवाने दांड्या कापल्या." त्यांनी दारात उभ्या असलेल्या धाकट्याकडे पाहिलंही नाही. "पोटचा आहे, पण खोटं कसं बोलू? शिक्षा व्हायला हवी."

धाकट्याची मान आणखी खाली गेली.

बाईंनी त्याला करड्या रंगाची एक दांडी कोपऱ्यातून आणायला लावली. डब्याच्या तळाची पिवडी खरवडून वाटीभर पाण्यात कालवली आणि फडक्याने दांडीवर फासली. हां हां म्हणता दांडी पिवळी झाली.

"काप," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माझ्याने नाही होणार."

"काप म्हणते ना!"

गॅस पेटला, लोखंड वितळलं, तुकडे खाली पडले. टोकापाशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा रंग तांबडा झाला. बाईंनी ओल्या फडक्याने दांडी पुसली. पिवळं सगळं वाहून गेलं, खालचा करडा रंग वर आला. तांबडं कडं तेवढं राहिलं.

गाडीतली दांडी त्यांनी शेजारी ठेवली. दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

"पिवडी भाजली की गेरूसारखी लाल होते. ती मग पाण्याने निघत नाही," बाई म्हणाल्या. "तुझे डोळे शाबूत आहेत, पोरा. दांड्या पिवळ्याच होत्या. थोरल्याने करड्या रंगवून पाठवल्या. वाटेत ताडपत्रीखाली कुणीतरी त्या पिवळ्या केल्या. ताडपत्रीखाली एकच माणूस होता."

फौजदाराने दोन्ही दांड्या उचलून उजेडात धरल्या.

"थोरला दांड्या काढू देत नव्हता. धाकट्याला विचारायची बंदी होती, ती तुम्हीच घातलेली. एकाला कळू न देता दुसऱ्याच्या हातून दांड्या उतरवायच्या आणि सांधा दांड्यांशिवाय टिकतो हे जगाला दाखवायचं. फुटल्यावर माणसं पोराला उचलत होती तेव्हा तुम्ही पिंपातल्या दांड्या धुतल्या."

"मला माझ्या सांध्याचा भरवसा होता!" अप्पा ओरडले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "टिकला असता तर हेच पोर माझे पाय धरायला आलं असतं. बापाने शोध लावला आणि बापावरच विश्वास नाही? मी कुणाला मारायला गेलो नव्हतो!"

"भरवसा होता?"

"शंभर टक्के!"

"मग ऑइलपेंट का नाही लावलात, अप्पा? या बाकाखाली पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आहे, तीन दांड्या त्यानेच रंगवल्यात. सांधा टिकला असता तर रंग लपवायची गरजच नव्हती. पाण्याने धुतला जाणारा रंग सुनेच्या डब्यातून चोरावा लागतो तो एवढ्याचसाठी, की फुटलाच तर चूक धाकट्याच्या माथी मारता यावी आणि शोधाला डाग लागू नये. आणि जन्मभर स्वतः ठेवलेला हात काल नेमका का नाही ठेवलात? गुडघ्याचं कारण सांगून भिंतीमागे कोण बसलं?"

कानशी अप्पांच्या हातातून सुटून फरशीवर पडली.

"एक मुलगा वाफेत घातलात," बाई म्हणाल्या, "आणि दुसरा आज गजाआड घालत होतात. सांधा तेवढा वाचवलात."

थोरल्याच्या बायकोने रिकामा डबा पाहिला, मग सासऱ्याकडे पाहिलं. ती रडली नाही. दिराकडे मात्र तिला बघवेना, कारण कालपासून जे जे बोलली होती ते सगळं तिला आता आठवत होतं.

फौजदाराने अप्पांच्या दंडाला धरलं. जेवायचं तो विसरला होता. दारापर्यंत गेल्यावर अप्पा वळले.

"ऐक रे," ते धाकट्याला म्हणाले. "फुटलेल्या सांध्याचे तुकडे भंगारात जाऊ देऊ नकोस. आतली कोणती कडी आधी सुटली ते मोजायला हवं. मला वाटतं दुसरी. आणि बाकावरचा नग झाकून ठेव, त्याच्यात मी ती जाड केलीय. हा टिकेल."

धाकट्याने सवयीने मान हलवली. जन्मभर हलवलेली मान, आजही हललीच.

गाडी गेली. बाईही पिशवी उचलून निघाल्या होत्या, पण दाराशी थबकल्या.

थोरल्याची बायको बाकाजवळ गेली होती. त्या दुसऱ्या सांध्यावर तिने हात ठेवला, नवऱ्याने ठेवला होता तसाच, उजवा.

"भावजी, हा काप."

"वहिनी, हा..." त्याने ओठ चाटले. "अप्पांचा आहे. आणि पिवळा कुठे आहे?"

तिने वाटीतल्या उरलेल्या पिवडीत हात बुडवला आणि घड्यांवर फासला. पुन्हा बुडवला, पुन्हा फासला. वाटी रिकामी होईपर्यंत फासत राहिली.

"आता आहे," ती म्हणाली. "काप."