मुभा
आईच्या कॅन्सरवर उपचार सुरू करायचे, तर आता आधी लेकराच्या गालातून कापूस फिरवून घेत. नुकतीच पावलं टाकू लागलेल्या पूर्वाने तो कापूस चावला आणि सोडायलाच तयार होईना.

"आजार मला, नि नमुना हिचा?" वृषालीने विचारलं.

मिरजेच्या त्या रुग्णालयातल्या डॉ. गौसिया मुजावर खुर्ची ओढून जवळ बसल्या. "गाठ तुमच्या गर्भाशयात आहे, पण तुमची नाही. बाळंतपणात वार पडते ना, तिच्या काही पेशी मागे राहिल्या. त्या बिघडल्या, वाढल्या, फुप्फुसापर्यंत पोचल्या. क्वचितच होतं असं. आणि वार असते बाळाच्या पेशींची. म्हणजे हा कॅन्सर पूर्वाच्या पेशींचा आहे."

पोटात काही नसताना घरच्या चाचणीत दिवस गेल्याचं का दिसत होतं, ते वृषालीला आता कळलं. बाळ कधीच बाहेर आलं होतं. वार अजून आपलं काम करत होती.

"साध्या औषधांनी बहुतेकजणी बऱ्या होतात. तुम्हाला ती लागू पडली नाहीत. आता मुभा काढायची."

गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परकाच. परकं दिसलं की रक्तातल्या पहारेकरी पेशी त्याला मारतात. बाळाकडे मात्र काणाडोळा करतात. ह्या काणाडोळ्याला डॉक्टर मंडळी मुभा म्हणत. नव्या उपचारात ती काढून घेत. पहारेकऱ्यांना त्या मुलाची खूण शिकवायची, की ती खूण असलेली प्रत्येक पेशी ते हुडकून संपवत.

"प्रत्येक?"

"हो. मुलाच्या थोड्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात. हृदयात, मेंदूतसुद्धा. लेकपेशी म्हणतो आम्ही. त्याही जातील."

"त्या तिथं करतात काय?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"माझा चाळिशीचा लेक अजून डोक्यात बसलाय, तो ह्यामुळेच म्हणायचा," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांना हसू आवरेना. वृषाली पूर्वाकडे बघत होती.

"मी हिला विसरणार नाही ना?"

"नाही. आठवणी तुमच्या स्वतःच्या पेशींत आहेत."

"मग मला काय होईल?"

"तुम्ही जगाल. एवढं मी सांगू शकते."

वृषालीने पूर्वाच्या तोंडातून कापूस काढला. "करा," ती म्हणाली. "हिला आई हवी."

ताप आला, उतरला. फुप्फुसं स्वच्छ झाली. घरच्या चाचणीत दिवस गेल्याचं दिसेनासं झालं. वृषालीला सगळं आठवत होतं. पूर्वा कुठल्या कुशीवर झोपते, भात किती मऊ लागतो, सगळं. रडली की ती उचलून घेई. भरवणं, आंघोळ, कशात कसूर नव्हती.

"चेहरा कसा निवांत झालाय," शेजारच्या बायका म्हणत.

ते खरं होतं. पूर्वी झोपलेल्या पूर्वाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना तिच्या लक्षात आलं, की आपण कित्येक दिवसांत ते केलेलं नाही. घाबरायला हवं होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. भीती आली नाही. तिने पुढची घडी घातली.

तेवढ्यात पूर्वा उठून, भिंतीला धरत, दारापर्यंत आली आणि तिने दोन्ही हात वर केले.

"या ना," वृषाली म्हणाली. "बसा."

सासूबाई खळखळून हसल्या. "अगं, कुणाला अहो-जाहो करतेस? राणीसरकार का ती?"

वृषालीही हसली. मग तिने "ये गं" म्हणून पाहिलं. शब्द आला, पण अनोळखी माणसाला चुकून अरे-तुरे केल्यासारखा तो तिच्याच कानाला खटकला.

सासूबाईंचं हसू थांबलं होतं. पूर्वा हात वर करून तशीच उभी होती.

घरी कुणी आलं की करतात तशी वृषालीने ओढणी सारखी केली आणि अदबीनं विचारलं, "पाणी आणू?"