रोज नवा खड्डा

परंड्याच्या रंगाच्या दुकानात हर्षाली ब्रश निवडत होती, तेवढ्यात शेजारी उभा असलेला उंचापुरा पोरगा दुकानदाराला म्हणाला, “रेझिन पाच किलो द्या... आन् हार्डनर बी पाच किलो.”

हर्षालीला हसू आवरेना. “पाच किलो? ओ, हार्डनर थेंबाथेंबानं घालायचं असतंय! धूर निघंल डब्यातनं!”

तिला ठाऊक असणारच की. वडिलांच्या कारखान्यात फायबरच्या मूर्ती घडवता घडवता मोठी झालेली ती. पोरगा कानापर्यंत लाल झाला. तो रणधीर. धरणाकाठी त्याचं शेत, आणि शेतात मोबाइलवर बघून स्वतः बांधलेली प्लायवूडची होडी. “मग तुमीच येऊन दाखवा ना,” तो म्हणाला. तिचे वडील, आबा, हो म्हणाले, अन् बाईसाहेब निघाल्याही!

पालथ्या होडीवर दोघांनी फायबरची मॅट अंथरली, तिला रेझिन पाजलं, वाळल्यावर पुट्टी ओढली. मग पॉलिश पेपरनं घासणं. डोळे मिटून तळवा फिरवायचा, नजरेला न दिसणारा खड्डा हाताला कळतो. एकदा दोघांचे तळवे मधोमध भेटले, आणि... दोघंही पुट्टीबद्दल बोलायला लागले. घ्या!

इकडं हर्षालीचा जीव टांगणीला. रविवारी बार्शीचं स्थळ बघायला येणार होतं. पोरगा चांगला, नाही म्हणायला कारण नाही. म्हणजे कारण होतं, पण त्या कारणानं तोंड उघडलं तर ना! तिला रणधीर आवडत होता, लई आवडत होता. आणि त्याचं रोज सकाळी एकच — “हर्षाली, इथं खड्डा हाय अजून.” ती भरायची, घासून सपाट करायची. दुसऱ्या दिवशी खड्डा दुसरीकडं! आपला हात बिघडला? की याला आपलं काम पसंत नाही? की... छे, काही म्हणता काही कळेना.

शनिवारी तिनं नव्या खड्ड्यावर बोट फिरवलं. कडा खरखरीत, खाली ताजी भुकटी.

“रणधीर, हे कुणीतरी खरवडलंय.”

“उंदीर असंल.”

“उंदीर पॉलिश पेपर वापरतोय व्हय?”

तो मान वर करेना. “म्याच खरवडतो... रोज. होडी पुरी झाली, तर तू कशाला येशील इकडं?”

हर्षालीला राग आला, रडू आलं आणि हसूही आलं. “अरे माणसा! मला वाटलं माझाच हात गेला कामातनं! उद्या मला बघायला येतायत, ठाऊक हाय का?”

त्याचा चेहरा पडला. “मग... तू काय म्हणणार?”

“आधी तू बोल. होडीबद्दल न्हाय.”

“मला तू पाहिजेस,” तो एका दमात म्हणाला, आणि स्वतःच घाबरला.

तिनं फोन लावला. “आबा, बार्शीच्या पावण्यांना नको म्हणून कळवा... उद्या दुसरे यायलेत. रणधीरच्या घरचे.”

“उद्या?” रणधीरनं आ वासला. “पर म्या आईला अजून काहीच सांगितलं न्हाय!”

“मग हितं काय उभा राहिलायस? पळ की!”

आणि तो खरंच पळाला, पुट्टीनं बरबटलेल्या हातांनी, चप्पलसुद्धा न घालता.